वानखड्यांच्या पाण्यात शिसं

लोक दुसऱ्याच्या पगारावर जळतात. आमचे हे दुसऱ्याच्या विषारी पाण्यावर जळायचे. खरंच सांगते! साठ सालाच्या आसपास हे अकोल्याच्या प्रयोगशाळेत गावोगावच्या नळांचं पाणी तपासायचे. शेजारच्या टेबलावर वानखडे. एकदा वानखड्यांनी दर्यापूरच्या पाण्यात औषध टाकलं आणि पाणी काळपट झालं. शिसं निघालं! साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली.

यांनी घरी येऊन ताट सरकवलं. "त्याले शिसं सापडलं, अन् मले सारं चोख पाणीच भेटून राह्यलं!"

"अवो, लोक चांगलं पाणी पिऊन राह्यले, त्याचं तुमाले दुःख?"

"तुले नाही समजत."

पुढे वानखड्यांचं नाव निघालं की यांचा घास अडकायचा. मग एका संध्याकाळी हे नाचतच घरात आले.

"निघालं वो! माह्याही पाण्यात शिसं निघालं! वानखड्यापेक्षा जास्त!"

"कोनत्या नळाचं पाणी?" मी पाण्याचा पेला हातात देत विचारलं.

"आपल्याच गल्लीतल्या."

एवढं बोलले आणि पेल्याकडे बघतच राहिले. मी तो काढून घेतला आणि हातात घागर दिली.

"वानखड्याईच्या घरी विहीर हाये. जा, मागून आना."