मागे बांधलेली निळी गाडी

नाव: लायमन ऑस्बी. वय: एकोणसत्तर वर्षे. धंदा: निवृत्त ट्रकचालक. राहणार: मोटारहोममध्ये, सध्या मुक्काम टॅमरॅक काउंटी, मोंटाना.

मी शेरिफ कार्यालयात स्वतः हजर राहून सांगतो की, ओहायोतले घर विकल्यापासून मी व पत्नी नॅडीन असे दोघे मोटारहोममध्येच, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, राहतो. मागे आमची छोटी निळी गाडी तिच्याच चार चाकांवर ओढत नेतो. त्यासाठी टो-बार म्हणजे जोडदांडा, साखळ्या, दिव्यांची वायर आणि तिच्या ब्रेकवर बसवायची पेटी असे सामान लागते. जोडणे-सोडवणे नॅडीन करते. तिने हात वर केला की मी निघतो.

आज सकाळी नदीकाठचा मुक्काम हलवला. नॅडीनला तिथे आणखी राहायचे होते. शेजारच्या बाईंबरोबर तिने कुंडीत टोमॅटोची रोपे लावली होती. मी म्हणालो, "घे की कुंडी बरोबर." ती म्हणाली, "नको. त्यांना तरी एका जागी राहू दे."

जवळचा म्हणून मी फाट्यावरून जंगलातला रस्ता धरला. नॅडीन म्हणाली, "अरे, हा पुढं जात नाही." मी म्हणालो, "नकाशात दाखवतोय." ती म्हणाली, "लायमन, पाटी होती. तू बघितली नाहीस." रस्ता ओंडक्यांच्या ढिगापाशी संपला.

मागे गाडी जोडलेली असताना मोटारहोम मागे घेता येत नाही, टो-बार वाकतो. त्यामुळे गाडी सोडवणे भाग होते. तिथे उतार होता. गाडीचा सगळा भार जोडदांड्यावर आल्याने त्याची खीळ निघेना. मी हातोडा आणला. नॅडीन दोन्ही गाड्यांच्या मध्ये वाकली होती. ती ओरडली, "थांब! हॅण्डब्रेक लावू दे आधी. न्यूट्रलला आहे ती, अंगावर येईल माझ्या!"

तोवर मी एक घाव घातला होता. खीळ निघाली नाही.

नॅडीन बाहेर आली. तिने हॅण्डब्रेक लावला, भार कमी करून खीळ काढली, साखळ्या गुंडाळून ठेवल्या. मी म्हणालो, "झालं नाही ना काही?" ती म्हणाली, "मी पुढं होते. फाट्यावर ये." ती निळी गाडी वळवून गेली.

(जबाब देणारे उठून खिडकीशी गेले. परत बसण्यास सांगितले.)

मोटारहोम मागे घ्यायला मला बराच वेळ लागला. फाट्यावर ती नव्हती. फोनला रेंज नव्हती. मी त्या रस्त्याने पुन्हा आत गेलो. एका वळणावर झुडपे मोडलेली दिसली, म्हणून रस्त्याखालच्या नदीत उतरलो. पाण्यात एक टायर होता. तो जुना होता, आमचा नव्हता. मी हाका मारल्या. नंतर इकडे आलो व पत्नी अपघातात सापडली असावी अशी खबर दिली.

जबाब चालू असताना, तो लिहून घेणाऱ्या डेप्युटी कॉर्डोवा यांनी सांगितले की, नॅडीनने स्वतः फोन करून कळवले आहे. ती सुखरूप आहे. गावात बेकरीच्या वर तिने खोली घेतली आहे. ती म्हणाली, "मी हरवलेली नाही. फाट्यावर डावीकडे वळले, एवढंच. उगाच कुणाला शोधायला पाठवू नका."

मला तिच्याशी बोलू द्या, असे मी म्हणालो. तिने आज नको म्हणून सांगितले. उद्या भेटेन, पण आल्यावर इंजिन चालू ठेवू नकोस, बंद कर, असा निरोप दिला. मला तिच्याविरुद्ध तक्रार नाही. 'अपघात' हा शब्द काढावा. आज मी मोटारहोम हलवणार नाही.

ती रडत होती का, असे मी डेप्युटींना विचारले. त्या म्हणाल्या, "नाही हो. हसत होत्या. मागे कुणीतरी बाई काहीतरी सांगत होती."

हे लिहू नका, असे मी म्हणालो. डेप्युटी म्हणाल्या, तुम्ही विचारलंत, म्हणून लिहावं लागेल.

वरील मजकूर डेप्युटींनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटचा भाग मी पुन्हा वाचायला लावला. तो बरोबर आहे.

सही: लायमन ऑस्बी