वळणावरले रूळ

पेठच्या स्टँडवर डिंभ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि एक भंगारवाले बोलत होते.

“ठमाबाई, नवं घर कसं झालं?”

“लई मजबूत, कमरुद्दीनभाऊ. आमच्या पोरानं, सूरजनं, रंगवून लोखंडी तुळया घातल्यात.”

“माझ्याकडूनच नेल्या की! कारखान्याच्या छोट्या रेल्वेचे रूळ हायेत ते.”

“कुठली रेल्वे?”

“तुमचे मालक डबे जोडायचे, तीच. पूर्वी सगळा ऊस तिच्यावरनंच जायचा. मग ट्रॅक्टर आले, रूळ गंजत पडले. शेवटी उपटून विकले.”

“भाऊ, त्याच रुळावर डबा उलटला आन आमचं माणूस गेलं!”

“ठाव हाय मला. सूरज बोलला न्हाई?”

“न्हाई.”

“त्यानंच वळणावरले दोन रूळ मागून घेतले. म्हणाला, आबा तिथंच पडले, ते दुसऱ्याच्या घरात नको जायला.”

“आन मी वर्षभर त्यांच्याखाली निजते?”

“पाणी प्या, ठमाबाई. गाडी आली बघा.”

“जाऊ द्या ती.”

“पुढची कवा येईल, सांगता येत न्हाई.”

“सूरज रोज कामाला निघताना दारावरच्या तुळईला हात लावतो, भाऊ. मला वाटायचं, पोरगं आळस देतंय.”