आभाळातली पेटी

(जिंतूर तालुक्यातलं एक खेडं, १९४८चा पावसाळा. हैदराबादच्या कॉलेजात शिकवणारे बन्सीधर, फुग्याला बांधून आभाळात सोडलेली आपली पेटी शोधत, कडूबाईच्या दारात उभे.)

कडूबाई : पेटी इथं न्हाई, मास्तर. गावानं मरीआईच्या गाड्यात घालून शिवेपार केली.

बन्सीधर : शिवेपार? का?

कडूबाई : फुगा अन् पेटी आमच्या कापसात पडली, अन् त्याच आठवड्यात पटकीनं दोन लेकरं गेली. गाव म्हणलं, बला हाय. गाडा पुढल्या गावच्या शिवंवर नेऊन सोडला. त्यांनी बी तसाच पुढं ढकलला. पार गंगाखेडला गेला, तिथं गोदावरीत बुडवला म्हणत्यात.

बन्सीधर : बुडवला... संपलं सगळं.

कडूबाई : काय व्हतं त्यात?

बन्सीधर : काचा. मसाल्याचा लेप दिलेल्या. आभाळातून, ताऱ्यांच्याही पलीकडून, डोळ्यांना न दिसणारे कण सारखे खाली येतात, बाई. काचेत त्यांची वाट उमटते. तारे कशानं जळतात, हे त्यावरून कधीतरी कळेल, या आशेवर आम्ही फुगे सोडतो.

कडूबाई : म्हंजे खबरा धाडायची बिनतारी न्हवती?

बन्सीधर : बिनतारी? नाही. कोण म्हणतं?

कडूबाई : ठाण्यातले अमीनसाहेब. माझ्या मालकाला कोंडलंय तिथं. बिनतारी कुठं दडवली म्हणून रोज मारायलाय. मालक सांगायलेत, मरीआईसंगं गेली. कोण ऐकतंय?

बन्सीधर : अरे देवा. मला हे ठाऊक नव्हतं.

कडूबाई : आता झालं ना ठाऊक. चला, सांगा तेला, पेटी माझी हाय म्हणून.

बन्सीधर : पेटी असती तर उघडून दाखवली असती. आता काय दाखवू?

कडूबाई : तोंड हाय की तुमचं.

बन्सीधर : तुम्हाला कळत नाही, बाई. दिवस वाईट आहेत, सरकारला जो तो हेर वाटतो. आभाळात फुगा मी सोडला म्हटलं, तर कुणाला खबर देत होतास, हेच विचारतील. मलाही आत टाकतील.

कडूबाई : टाकतील.

बन्सीधर : मलाही घर आहे. मी हैदराबादेहून लिहून पाठवतो, कॉलेजच्या मोठ्या साहेबांची सही घेऊन.

कडूबाई : तवर मालक जित्ते ऱ्हातेत का? काल मी भाकर घेऊन गेले, तर हात उचलंना त्यांचा. मीच घास भरवला.

बन्सीधर : पण मी एकटा त्यांना सोडवणार कसा?

कडूबाई : सोडवू नका, मास्तर. आत टाकलं तर त्यांच्यापाशी बसा. कशापायी मार खायलेत, तेवढं तरी त्यांना सांगा.