आमच्या पाच बायांची पोहा मिल

माहं माहेर सडक अर्जुनीकडलं, लग्न होऊन गोरेगावजवळच्या या गावात आली, घरच्या धानशेतीच्या दोनच लहान बांद्या, तेवढ्यात सगळ्याइचं भागत नव्हतं म्हनून मी गोंदियाले एका पोहा मिलमंदी कामाले जात होती. भिजवलेलं धान गरम रेतीत किती भाजाचं, मशीनमंदी कधी टाकाचं, हे मी हातानं शिकली जी. सेठ म्हने, बाई, तेरे हाथ का पोहा टूटता नहीं. अना मले वाटे, मंग हेच काम आपल्या गावात काऊन नाही?

गोंदिया जिल्हा झाला तवा सगळे म्हनत, आता हापिसं जवळ आले, कामं पटापट होतीन. मी बी म्हनलं, होतीन. धानाच्या रोपाइच्या रोवण्याले जानाऱ्या चार बाया जमवल्या, जुनी मशीन आनली, घरवाल्यानं गोठ्याच्या बाजूले टिनाचं शेड टाकून देलं. राहिली फक्त मशीनले लागते ते लाइटीची मोठी लाइन. काय सांगू तुमाले, त्या लाइनीसाठी बिजलीच्या हापिसात किती फेऱ्या मारल्या! साहेब म्हने, घरवाल्याले पाठव. मी म्हनलं, साहेब, मिल माही आहे, तो कायले येईन? तं म्हने, जागा त्याच्या नावावर आहे. तो गेला, तं म्हने, ग्रामपंचायतीचा दाखला आना. दाखला आनला, तं साहेबच बदलून गेला. नव्या साहेबासमोर पुन्हा पयल्यापासून.

दोन वर्सानं लाइन आली. उद्घाटनाले पुढारी आले, नारळ फोडला, म्हनले, गावोगावी असे उद्योग पायजेत. बटन दाबाले गेले तं लाइटच गेली! मंग मंडपाचं जनरेटर जोडलं, मशीन फिरली, फोटो निघाला, अना ते जनरेटर त्याइच्याच गाडीमागं गेलं.

मंग लागलं भारनियमन. सकाळी लाइट जाये ते दुपारून ये. भिजलेलं धान थांबते काय जी? आंबून वास मारे. भाजलेलं गार झालं की मशीनमंदी चुराच होये. टोपल्याच्या टोपल्या ढोराइले टाकल्या मी, रडत रडत. बाया शेडमंदी नुसत्या बसून राहत. फुला माही सर्वात हुशार बाई, एक दिवस म्हनली, काकी, बसून पोट नाही भरत, मी नागपूरले बांधकामावर चालली. तिले कोन्या तोंडानं थांबवू? एकेक करून चारही गेल्या. मी कुलूप लावलं.

आता पुन्हा सेठच्याच मिलमंदी जाऊन राहिली. गावात लाइट आता दिवसभर राहते. मागं तोच पुढारी मतं मागाले आला, म्हने, ताई, लाइट आहे, करा ना चालू. मी म्हनलं, भाऊ, बाया कुठून आनू? तो हासला, हात जोडले, बाजूच्या घरी गेला.

फुलाचा फोन येते कधी. इचारते, काकी, मिल चालू करता काय, मी येतो. तिचे लेकरं तिकडं शाळेत लागले, घरवाल्याले वॉचमनचं काम भेटलं. मी म्हनलं, नोको येऊ बाई, राहा तिकडंच सुखानं. असं म्हनतो अना फोन ठेवल्यावर जीव जळते जी माहा.