लाटा गुडघाभर

—नाही नाही, उकंडराव, हसण्यावारी नेऊ नका. बसा पहिले. ते गठ्ठे सरकवा तिकडं—जुने अंक आहेत, दुसरं काही नाही—अन् बसा. सकाळपासून तुम्ही चौथे. ज्याले पाहावं त्याचं एकच, भाऊराव, या हप्त्यात लाटा कशा? आता अंक निघते शुक्रवारी अन् पंजाबराव पाटलाची स्पेशल मोटार निघते उद्या, गुरुवारी, दिवस उगवायच्या आत. म्हणून तुमाले अंदाज आजच पाह्यजे. पाह्यजेच. बावीस माणूस दोन दिवसांचा रस्ता तुडवून कोकणात जाऊन राह्यलं, ते काही देवाले नाही, लग्नाले नाही, तं आपल्या ‘साप्ताहिक कोरडा’च्या दुसऱ्या पानावरच्या दीड इंचाच्या भरवशावर जाऊन राह्यलं. वाचकाचा हक्क आहे तो. पण मघा पायरी चढता चढता तुम्ही म्हटलं, मेहकरात बसून समुद्राचा अंदाज, अन् हसले. ते मले लागलं.

काऊन नाही म्हणता मेहकरात समुद्र? राज्य कोणतं आपलं? महाराष्ट्र. किनारा कोणाचा? महाराष्ट्राचा. मग? पहिले आपण नागपुराकडं तोंड करून बसलो, मग मुंबईच्या द्विभाषिकात गेलो, मग दोन वर्षांमागं महाराष्ट्रात आलो—नकाशेवाल्यानं तीन डाव उचलून ठेवलं आपल्याले, अन् आपण आपले ओट्यावर तिथंच तंबाखू मळत. मी अग्रलेखात विचारलं होतं, भेटलं काय वऱ्हाडाले? कापसाले भाव भेटला? मेहकरच्या रस्त्याले डांबर भेटलं? नाही भेटलं. पण समुद्र भेटला ना बाप्पा! साडेचारशे मैल भेटला, एका कवडीचा अर्ज न करता भेटला. मग जे आपलं आहे त्याची खबर आपण ठेवावी की नाही? मुंबईवाल्याले आपल्या पैनगंगेची खबर नाही म्हणून आपणही त्याच्यासारखंच अडाणी राहावं?

हाव, हाव, खरं सांगतो—सुरुवात तशी नाही झाली. सुरुवात झाली पाचक चूर्णानं. दुसऱ्या पानावर खाली चूर्णाची जाहिरात राहे, दीड इंच. चूर्णवाला मेला. मालक म्हणाले, भाऊराव, भरा तेवढ्यात काहीतरी. सुभाषित टाकायचं तं मले सुभाषिताचा राग—लोक वाचतात, मान हलवतात अन् जसे होते तसेच राहतात. त्याच दिवशी माह्या भाच्याचं कार्ड आलं. चिंतामण हो, मोताळ्याचा, आमच्या धाकट्या बहिणीचा. बंदर खात्यात कारकून. राज्य झालं अन् साहेबानं त्याले उचलून टाकलं थेट रत्नागिरी जिल्ह्यात, वेळवाडीले. पोराले समुद्रावाचून दुसरं काही पाहायलेच नाही, तं लिहिते बिचारा—मामा, आज लाटा एवढ्या होत्या, वारा असा होता. मी तेच छापलं. ‘किनाऱ्याचा अंदाज. वेळवाडीची पुळण. वारा सकाळी जमिनीकडून, मंद, दुपारी फिरेल. लाटा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. भरतीनंतर दोन तास पोरांना पाण्यात खेळण्यास उत्तम.’ बस. मलकापूरच्या एका दीडशहाण्या साप्ताहिकानं लिहिलं, मेहकरच्या विहिरीले भरती आली काय. त्याले मी तीन अंक पुरलो. तिसऱ्या अंकाले त्यानं सूरच बदलला.

पण लोकाईनं वाचलं की नाही? वाचलं! बाजारात सरकीचा भाव विचारायच्या आधी विचारतात, वेळवाडीले काय? तुमच्या तानुबाई—तुमची मोठी बहीण, पाऊणशे वय, डोळ्याले दिसत नाही—त्या पोरीकडून वाचून घेतात म्हणता ना? पाण्यात पाय सोडून बसायचं म्हणतात. पंजाबराव तं पुरता पेटला. चिंतामणनं एकदा लिहिलं होतं, इथली पोरं फळीवर पोट टेकून लाटेबरोबर वाळूपर्यंत घसरत येतात, जशी आपली पोरं वखरावर बसतात तशी. ते छापलं. चार दिवसांनी पंजाबरावच्या दारात सुतार! आंब्याच्या सहा फळ्या रंधून घेतल्या, पुढून गोल, तेलपाणी केलेल्या. अन् तपासल्या कुठं? पैनगंगेत. मे महिन्याच्या पैनगंगेत—जिथं म्हशीची पाठ भिजत नाही! त्या डबक्यात पन्नास वर्षाचा पाटील खाकी हाफपँट घालून फळीवर पालथा, अन् दोन गडी मागून ढकलून राह्यले. मी स्वतः पाह्यलं. हसलो नाही. माह्या लेखणीनं माणूस ढवळला, मी कसा हसू?

काय? मी पाह्यला का?

काय पाह्यला? समुद्र? हा काही प्रश्न झाला, उकंडराव! मी दिल्लीच्या अर्थसंकल्पाचे तुकडे तुकडे केले, दिल्ली पाह्यली होती का? अमरावतीले कॉलेजात आमाले प्रोफेसर ज्वालामुखी शिकवत, ते काय तोंडात पाय घालून आले होते? बातमीदार पाहत नाही, बातमीदार—थांबा, तुम्ही असं नका पाहू माह्याकडं. नाही पाह्यला. घ्या. छप्पन वय झालं, नाही पाह्यला. झालं समाधान? पंजाबराव म्हणाला होता, भाऊराव, तुमची जागा पहिल्या बाकावर, खिडकीची. मी म्हटलं, अंक कोण काढणार. हे खरं आहे. अर्धं खरं आहे. अर्धं असं आहे की… समजा गेलो अन् तिथं माह्या दीड इंचासारखं काही नसलंच तर? बावीस माणूस माह्याकडं तोंड करून उभं राहीन वाळूत. ते एक सोडा. हे तुमच्याजवळ बोललो, बाहेर नका बोलू.

पण अंदाज खोटा नाही! हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. एकही शब्द माह्या पदरचा नाही. तुमाले विश्वास नाही ना? हे पाहा—हे कार्ड. ह्याच्यावरूनच गेल्या शुक्रवारचा अंदाज लिहिला, ज्याच्यावर पंजाबरावनं मोटार पक्की केली. तुमच्याच हातात अंक आहे, तुम्ही तो पाहत चला, मी कार्ड वाचतो. ‘ती. मामास साष्टांग नमस्कार. येथे उकाडा फार. वारा आता सारखा समुद्राकडून येतो. गेल्या चार दिवसांत सगळ्या होड्या वर ओढल्या आणि झावळ्यांनी शाकारल्या.’ झालं? आता मी काय छापलं? वाचा—‘वारा समुद्राकडून, गार. होड्या किनाऱ्यावर विसावल्या असून समुद्र निवांत आहे. लाटा गुडघाभर. बायकापोरांसाठी यापेक्षा उत्तम आठवडा नाही.’ शब्द थोडे सजवले, लाटा मागच्या कार्डातल्या घेतल्या, तेवढा मले अधिकार आहे, पण आशय तोच. होड्या ओढून ठेवल्या. म्हंजे बैल सोडला, जू भिंतीले लावलं, काम नाही, सगळं आबादीआबाद. निवांत. बरोबर आहे ना?

मान काऊन हलवून राह्यले?

शाकारल्या? हाव, शाकारल्या. झावळ्या टाकल्या वरून. ऊन लागू नये म्हणून टाकल्या असतील. लाकूड तडकते उन्हानं. …आपण? आपण छपरावरचे कवेलू कधी फेरतो? तुम्हीच कास्तकार, तुम्हीच विचारता! आताच फेरतो, मे सरता सरता, पाण्याच्या आधी. त्याचं काय इथं? आपण घराचं… अन् ते… होडीचं…

अन् बैल सोडायची वेळ नसताना, भर उघाडीत, गावच्या गाव बैल गोठ्यात आणून दार लावून बसलं तं? तं आपण म्हणू आभाळाकडं पाहा बे, काहीतरी येऊन राह्यलं. …थांबा. थांबा उकंडराव, एवढ्यावर निकाल नका देऊ. तो पोरगा कार्डात लिहिता ना तसं काही असतं तर! लिहिता ना, की मामा, समुद्र बिघडला? कारकून आहे, खात्याचा माणूस आहे. कुठं लिहिलं? शेवटी लिहिलं, ‘बाकी क्षेम.’ हे पाहा, ‘बाकी क्षेम, कळावे’—कुठं? कडेले? कडेले काय आहे?

हे शाईचं बोट असेल—नाही. कार्ड आडवं करा. जागा संपली म्हणून मेल्यानं कडेनं लिहिलं, मुंगीच्या अक्षरात. माह्या चष्म्याले… तुम्ही वाचून—नको, नको, मीच वाचतो. ‘मामा, लहान लाटांचे… दिवस संपले. आता येथील पोरेसुद्धा पुळणीवर जात नाहीत. परवा पाण्यापासून… वीस हात लांब बांधलेले वासरू लाटेने… लाटेने नेले. होड्या आता नारळी पौर्णिमेलाच पाण्यात पडतील. ही सूचना… ही सूचना ठळक छापावी.’

ठळक छापावी.

मंगळवार होता हो तो. मंगळवारी जुळारी खिळे घेऊन डोक्यावर उभा राहते, मालक दारात उभे, मी कार्ड समोर धरलं, वरून खाली वाचलं अन् लिहिलं. कार्ड आडवं कोण करते? तुम्ही करता? तुम्ही केलं आता, ते सोडा. बत्तीस वर्षं झाली, उकंडराव. मामलेदाराले सोडलं नाही, आमदाराले सोडलं नाही, एकानं दावा लावला तं कोर्टात उभा राहून म्हटलं, लिहिलं ते लिहिलं. आजलोक एक खुलासा छापला नाही. लोक म्हणतात, भाऊरावनं छापलं म्हंजे दगडावरची रेघ. अन् मी काय छापलं? बायकापोरांसाठी उत्तम आठवडा! ज्या पाण्याले तिथली पोरं भिऊन राह्यली त्या पाण्यात मी मेहकरची पोरं फळ्यांवर पालथी घालून राह्यलो.

बरं, असं करू. तुम्ही जा पंजाबरावकडं अन् सांगा, रस्त्यात कुठंतरी पूल खचला. भाऊरावकडं तार आली. …मेमध्ये पूल खचत नाही, मान्य. मग सांगा, कोकणात पटकीची साथ. सांगा की, त्यात तुमचं काय जाते? असं का पाहता? मी लोकाईच्या भल्यासाठीच… हं. हाव. समजलं. पटकी म्हटली की पंजाबराव दुसरा किनारा धरीन. त्याले पाणी पाह्यजे, वेळवाडी नाही पाह्यजे. फळ्या तयार आहेत. अन् दुसऱ्या किनाऱ्यावर चिंतामणही नाही ओढून काढायले.

मग तुम्ही असं सांगा की समुद्रानं अचानक पलटी खाल्ली—गेल्या शुक्रवारलोक चांगला होता, सोमवारी बिघडला. हे निसर्गावर जाते, माह्यावर येत नाही. समुद्र काही खुलासा मागत नाही!  तो अंक काऊन घडी करून राह्यले? तुमच्या तानुबाई उद्या त्या मोटारीत पहिल्या बाकावर बसतील, ती माहीच जागा दिली त्याईले. पाय सोडून बसतील. दिसत नाही त्याईले, लाट कुठून आली कळणारही नाही. अन् तुम्ही माह्यासमोर असे बसले जसं की तुमाले फक्त उद्याचा वारा विचारायचा होता. शिव्या द्या. एखादी दिली तं मले बरं वाटीन. मी असतो तं टेबल उलटं केलं असतं.

नाही. सांगतो. मीच सांगतो. तुम्ही सांगतलं तं पंजाबराव म्हणीन उकंडराव घाबरला, म्हातारा झाला, अन् दुप्पट जोरानं निघीन—छापलेल्यापुढं बोललेलं कोणी ऐकत नाही, ही सवय मीच लावली या गावाले. ज्यानं छापलं त्याच्याच तोंडून पाह्यजे. असं म्हणीन: पंजाबराव, मी समुद्र पाह्यला नाही. होडी पाह्यली नाही. कार्ड अर्धं वाचलं. उरलेलं अर्धं हे. बस, चार वाक्यं. मंत्र्याले याच्यापेक्षा जड बोललो मी. पण मंत्री मुंबईले राहते, पंजाबराव मागच्या गल्लीत राहते. खळखळून हसीन तो. हसला तं ठीक आहे, हसला तं ऐकलं असं समजू. चिडला तरी ठीक आहे. ऐकून न ऐकल्यासारखं केलं तं… तं मोटारीसमोर आडवा पडीन, दुसरं काय. जाडजूड आहे मी, डायव्हरले वळवता यायचं नाही.

माही टोपी कुठं आहे? तुमच्याखाली असेल. उठा. मालकाले म्हणा या अंकात पहिलं पान माह्याजवळ राहील, वरची अर्धी बाजू, दीड इंचात मावत नाही हे—

कसला आवाज हा? ताशा? दुपारी ताशा कोण वाजवते? …पाहा तं बाहेर. कोण कोण आहे? सगळेच? अन् हाफपँटीत पुढं कोण, तो पंजाबरावच ना? हातात काय आहे त्याच्या… हार. अरे देवा. झेंडूचा हार, अन् वर शाल. सत्कार करून निघणार म्हणजे. वाटाड्याचा सत्कार. कोणी सांगतलं यांना… तुमाले माहीत होतं? म्हणून आले होते तुम्ही, मले इथंच अडकवून ठेवायले? लाटांचं नुसतं निमित्त?

बरं झालं. आले ते बरं झालं. ते कार्ड द्या इकडं. द्या म्हणतो ना.

या, पंजाबराव, या. ताशा थांबवा पहिले. थांबव बे तो ताशा! हार असू द्या हातातच, गळ्यात नका घालू. अन् बसा, बोलायचं आहे. तुम्ही सगळेच बसा—नाही, उकंडराव, तुम्ही नाही. तुम्ही निघा आता. तुमच्यासमोर एकदा कबूल केलं, दुसऱ्यांदा नाही जमायचं. अन् जाताना दार ओढून घ्या.