जपानहून आलेलं इंजिन

इंजिन बदललेल्या गाडीत माझ्या मावशीला बसवू नका, एवढंच सांगतो.

भुशी धरणावर गाडी पाण्यात घातली आणि तिचं इंजिन गेलं. मेकॅनिकनं जपानहून आलेलं वापरलेलं इंजिन बसवून दिलं. बेडसे गावच्या मावशीला खोपोलीला सोडायचं होतं, ती पूजेचं ताट घेऊनच आली. मी बॉनेट उघडून दिलं आणि आत चहा प्यायला गेलो. पूजा उरकून गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "ज्याच्या गाडीतनं ह्ये काढलं, त्यो मानूस हाय का गेला?"

"मला काय माहीत, मावशी?"

"गेलाच आसंल. न्हाईतर चांगलं इंजिन कोन इकतंय?"

मी हसलो. जुन्या रस्त्यानं घाट उतरायला लागलो आणि पुढून आवाज आला, ठक. पुढच्या वळणावर पुन्हा ठक. उतारावर इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे मला माहीत होतं. घामानं स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं. मावशी डोळे मिटून पुटपुटत होती.

कशीबशी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी हळदकुंकू लावलेला नारळ.

"हा कुणी ठेवला?"

"मीच. त्याच्या नावानं. पोचल्याबिगर काढू नगं."

"पंख्यात गेला असता तर मेलो असतो आपण."

"त्यो न्हाई का मेला?"

मी चिडून नारळ दरीत भिरकावायला हात उचलला. खाली बघितलं, तळ दिसत नव्हता.

खोपोली येईपर्यंत तो नारळ मांडीवर घेऊन गाडी चालवली.