आर्डिसचा हुकूम

…नाही, पण मी म्हणतो, बिघडायचंच होतं तर मधलंच का बिघडावं? तुम्हाला सांगतो, आमच्या आर्डिसचं, म्हणजे बायकोचं, डोकं ठणठणीत, दंड तर असे होते की बाई अडलेलं वासरू एकटी ओढून काढायची… आणि आता चमचा उचलवत नाही! डॉक्टरीणबाई, पोरसवदाच, मला समजावतात कशा, "हे बघा हार्लन, मेंदू हुकूम सोडतो, तो मज्जातंतूतून धावत खाली येतो, टोकाशी रसायनाचा थेंबभर फवारा उडतो, की स्नायू आकसतो. यांचे मज्जातंतूच मरताहेत." म्हटलं, मग बाई, त्या स्नायूचा गुन्हा काय? "काहीच नाही. त्याला सांगणारं कुणी उरत नाही, म्हणून तो वाळतो." घ्या! हुकूम सुटतो, पोचत नाही!

आता आमच्या मिनेसोटात नाताळाआधी चर्चच्या तळघरात बाया लेफ्से लाटतात. बटाट्याची पोळी हो, इतकी पातळ की खालच्या फडक्याची वीण दिसावी. तिथं सगळ्यांवर राज्य आर्डिसचं! गेल्या खेपेला म्हणाली… म्हणाली कसलं, जीभही जडावलीय, "मी… जाणार." अगं, पण लाटणार कोण? तर डोळे माझ्याकडे! म्हणजे स्वतःचे हात ऐकत नाहीत ना, मग माझ्या हातांना कामाला लावलं! मला, ज्याला साधा पाव भाजता येत नाही!

लाटली. फाटली. लाटणाऱ्या बायांतली ती लव्हर्न ओरडते, "अगं बाई, हा तर नकाशाच!" आणि चाकांच्या खुर्चीतून आमची आर्डिस, "जाड… रे… मेल्या!" अख्खं तळघर हसलं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पोचला की हुकूम! मग काय, पुढची मुद्दाम जाड लाटली. "जाड!" आणखी जाड. "जाड!" शब्द एकच, पण जुना खाष्टपणा सगळा त्यात. तेव्हापासून घरीही रोज एक जाड लाटतो, तिच्यापुढे धरतो, वाट बघतो… जानेवारीत नुसती भुवई चढायला लागली. मग तीही नाही. हुकूम सुटतो, पोचत नाही!

काल तर अशी लाटली, अशी लाटली… बोटभर जाड, मध्ये भोक, कडा करपलेल्या! म्हटलं, बोल, घाल शिव्या. बघत राहिली माझ्याकडे. ओठ हलले. मी कान नेला.

म्हणाली, "छान."

सबंध संसारात पहिल्यांदा हो! डॉक्टरीणबाईंनीसुद्धा इतकी वाईट बातमी दिली नव्हती. बसलो मग तिच्या शेजारी, डोळे पुसत सगळी खाल्ली… छान कसली डोंबलाची, जाड होती.